सही करायची घाई नको, बाय

पत्र असं आहे :

"माई, माझं वय ३८. वेंगुर्ल्याजवळ गाव. काजूच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. बाबा चार वर्षांपूर्वी गेले. घरात आई आणि मी, आंबा-काजूची लागती जमीन आहे. मोठा भाऊ मुंबईला, चतुर्थी आणि शिमग्याला येतो. माझी एक मैत्रीण आहे, कुडाळात शिवणकाम करते. आमचं नातं नऊ वर्षांचं आहे. तुम्ही समजलात ते बरोबर. या चतुर्थीला भावाने माझा मोबाइल वाचला. पाचव्या दिवशी गणपती गेले आणि संध्याकाळी माझ्या दोन बॅगा खळ्यात होत्या. आई एवढंच म्हणाली, 'आता माका काय्येक सांगू नको गो.' एक बॅग उचलून मी निघाले.

आधी मावशीकडे तीन आठवडे. तिच्या मुलीला स्थळ आलं, मग तिने जायला सांगितलं. जाताना म्हणाली, देवाकडे गाऱ्हाणं घाल, नाहीतर मानसोपचारवाल्याला दाखव. मग मैत्रिणीच्या खोलीवर. महिन्याभरात मालकाने विचारलं, 'तुम्ही दोघी एकमेकींच्या कोण?' आता त्याने तिलाही खोली सोडायला सांगितलंय. मी दोन आठवडे कारखान्याच्या कपडे बदलायच्या खोलीत झोपते, वॉचमनला माहीत आहे. भावाचा मेसेज येतो : शिमग्याला येतो, हक्कसोड तयार आहे, सही कर, दोन लाख घे आणि मुंबईला जा. नाहीतर कारखान्यात सगळं सांगतो. सही करून टाकू का? तसं बघायला गेलं तर मी रस्त्यावर झोपत नाही, बेघर म्हणवून घ्यायची लाज वाटते."

प्रिय बाय,

मी बासष्टीची, म्हणून 'तू' म्हणते. शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण ते मला लागलं.

२०११ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी एकाच रात्रीत झाली होती, २८ फेब्रुवारीला. फूटपाथ, पुलाखालची जागा, देवळाचा मंडप, रेल्वेचा फलाट. देशभरात १७ लाख ७३ हजार माणसं निघाली. तेव्हा मी तलाठी होते (आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, काम तेच) आणि त्या कामात मीही होते. आमच्या भागाचा आकडा शून्य आला. कोकणात कोणी उघड्यावर झोपत नाही, असं आम्ही चहा पिताना कौतुकाने बोललोही. आज तुझं पत्र वाचताना वाटलं, त्या रात्री एखादी तुझ्यासारखी मावशीच्या माजघरात किंवा कुणाच्या मांगरात अंग चोरून पडली असेल. आम्ही तिला घरातली माणूस म्हणून मोजलं असेल. ज्या छपराखालून कोणीही, कधीही, एका वाक्यात उठवू शकतं, त्याला घर म्हणायचं नसतं. तू बेघर आहेस, सप्टेंबरपासून. लाज तुझी नाही.

आता आजच्या रात्रीचं बघू. ती कारखान्याची खोली सोड. भाऊ खरंच बोलला तर नोकरी आणि अंथरूण एकाच दुपारी जाईल, आणि वॉचमनही बिचारा अडचणीत येईल. १८१ या महिला हेल्पलाइनला फोन कर. सखी वन स्टॉप सेंटर जिल्हावार आहेत, तिथे काही दिवस राहायला मिळतं, पोलीस आणि वकिलाची मदतही तिथूनच होते. तिथे एवढंच सांग : भावाने घराबाहेर काढलं, जमिनीवरची सही मागतोय, धमकी देतोय. यात एक अक्षर खोटं नाही. बाकीचं सांगायचं की नाही ते समोरचं माणूस बघून ठरव. खरं बोलावं हे मला मान्य आहे, पण सगळं खरं प्रत्येक खिडकीवर ठेवावं असं कुठे लिहिलेलं नाही. ते चार-पाच दिवस खोली शोधायला वापर. सावंतवाडी, कुडाळ, ओरोस या बाजूला नोकरीवाल्या बायका खोल्या वाटून राहतातच.

नवी खोली घेताना एक काळजी घ्या. करार करा, तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, भाडं बँकेतून द्या. करार दोघींपैकी एकीच्या नावाने असला तरी चालेल, पण त्यात 'सोबत राहणारी' म्हणून दुसरीचं नाव लिहून घ्या. कुडाळच्या मालकाला 'एकमेकींच्या कोण' विचारायची हिंमत झाली, कारण त्याच्याकडे तुमचा कागद नव्हता. मला एक गंमत नेहमी वाटते. आपल्या गावांतून दोन बिनलग्नाच्या बायका एकत्र राहिल्या की लोक म्हणतात, 'बिचाऱ्या एकमेकींना सोबत.' वर्षानुवर्षं म्हणतात. चतुर्थीला दोघी मिळून मोदक करतात, कुणाचं काही बिघडत नाही. कुणीतरी त्या सोबतीला नाव दिलं की त्याच दोघी एका रात्रीत गावाची अब्रू घालवतात. तुमचंही तसंच झालं. नऊ वर्षं चाललं ते नऊ वर्षं चालण्यासारखं होतं म्हणूनच.

आता सहीचं. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण माझा जन्म यात गेला.

सही करू नकोस. शिमग्याला नाही, नंतरही नाही, निदान पुढचे सहा महिने तरी नाही.

हक्कसोड पत्र म्हणजे काय ते मी टेबलाच्या या बाजूने बघितलंय. चतुर्थीला बहिणी माहेरी येतात. साडी होते, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी भाऊ म्हणतो, 'जरा तालुक्याला जाऊन येऊ, एक कागद आहे.' बहीण वाचत नाही. वाचलं तरी सही करते. मी एकदा एकीला बाजूला घेऊन विचारलं, तुला कळतंय ना काय देतेस? ती म्हणाली, 'बाईनू, माहेरची वाट बंद होऊक नको.' मी गप्प बसले. व्यवहार सरळ होता : जमिनीचा वाटा द्यायचा आणि वर्षातून दोनदा त्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा हक्क राखायचा. वाईट व्यवहार, पण दोन्ही बाजूंनी काहीतरी मिळायचं. तुझ्या बाबतीत भावाने वाट आधीच बंद केली आणि आता वाट्याची किंमत मागतोय. तू देणार ते कशाच्या बदल्यात?

आणि तुला सासर नाही, होणारही नाही. आपल्या भाषेत बाईच्या घराला दोनच शब्द आहेत, माहेर आणि सासर. तू ज्या खोलीत राहशील तिला अजून शब्द नाही. म्हणून तर ती खोली विकत घ्यायला किंवा भाड्याने घ्यायला तुझ्या नावावर काहीतरी असणं इतर बहिणींपेक्षा तुला जास्त गरजेचं आहे.

कायदा ऐक. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात मुलगी ही मुलाइतकीच सहदायाद, म्हणजे वाटेकरी, वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासून. वडील त्या तारखेला हयात असोत-नसोत, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. रीतसर वाटप २० डिसेंबर २००४ च्या आधी झालं असेल तरच ते उघडता येत नाही. बाबांनी स्वतःच्या कमाईने घेतलेलं काही असेल आणि मृत्युपत्र केलेलं नसेल, तर ते आई, भाऊ आणि तू यांच्यात समान. मृत्युपत्र असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून आधी ते आहे का ते विचार. तू कोणाबरोबर राहतेस, कोणावर प्रेम करतेस, यावर वारसा अवलंबून असल्याचं एक ओळही कायद्यात नाही.

मग हे बघ : बाबांच्या पश्चात वारस नोंद झाली का? महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा काढ, आठ-अ काढ. तुझं नाव कब्जेदारांत आहे का, की 'इतर हक्क' मध्ये ढकललंय? की थोरल्याचं एकट्याचं नाव 'ए.कु.मॅ.' म्हणून, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलंय? आमच्याकडे असे फेरफार, म्हणजे नोंदीतले बदल, ढिगाने झाले. त्यातले काही माझ्या अक्षरात आहेत, हे सांगायला मला बरं वाटत नाही. पण घाबरू नकोस. मॅनेजर म्हणून नाव लागलं म्हणजे तो मालक झाला असं नाही आणि सातबारावर नाव नाही म्हणून तुझा हक्क मरत नाही. घर गावठाणात असेल तर ते सातबारावर दिसणार नाही. त्यासाठी ग्रामपंचायतीत नमुना ८ चा असेसमेंट उतारा माग. त्यात कोणाचं नाव आहे ते बघ. आणि नवीन फेरफार धरला गेला तर नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात. 'आपली चावडी' या फेरफार नोटिसांच्या सरकारी संकेतस्थळावर आठवड्यातून एकदा गावाचं नाव टाकून बघत जा. नोटीस जुन्या पत्त्यावर जाते आणि ती पडवीतल्या खिळ्याला लटकून राहते, हे मी जाणते.

आधार, मतदार यादी, रेशन कार्ड यांवरचा गावचा पत्ता आत्ता बदलू नकोस. लोक घर सुटलं की आधी पत्ता बदलतात. उलट करायचं.

भाऊ म्हणेल वाटपाचा दावा म्हणजे पंधरा वर्षं. खरं आहे, दिवाणी दावे लांबतात. पण तुला उद्या दावा लावायचा नाहीये. तुला फक्त सही द्यायची नाहीये, आणि सही न देण्याला काहीही खर्च येत नाही. पुढे मागे तूच ठरवलंस की गावात काही नको, तर वाटा विक, त्यालाच विक, पण मूल्यांकन करून, वकील बसवून आणि पैसे बँकेत आल्यावर. दोन लाखाचा आकडा त्याने कुठून काढला ते मला माहीत नाही. आंबा-काजूची लागती जमीन आहे, एवढं मात्र तूच लिहिलंस.

राहण्याचा हक्क ही वाट्याहून वेगळी गोष्ट. घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा फक्त नवऱ्यासाठी आहे असं लोकांना वाटतं. तो बहिणीलाही, मुलीलाही लागू आहे. कलम १७ प्रमाणे सामायिक घरात राहायचा हक्क, नावावर काही असो-नसो. आज तू तिथे राहत नसलीस तरी, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये म्हटलंय. कलम १९ खाली दंडाधिकारी भावाला सांगू शकतात की हिला बाहेर काढू नकोस, घर विकू नकोस. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जायचं. वकिलाची फी लागणार नाही. बाईला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत विधी सहाय्य मिळतं. १५१०० वर फोन कर किंवा ओरोसला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. कागदावर पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लागायला हवा. तेवढ्यात लागेल असं मी म्हणणार नाही.

एक गोष्ट तू बघितलीस का? त्या घरात राहतं कोण? आई एकटी. भाऊ वर्षातून दहा-बारा दिवस. म्हणजे तुला ज्या घरातून काढलं, ते घर वर्षातले साडेतीनशे दिवस रिकामंच आहे, त्यात एक म्हातारी बाई दिवा लावते.

आईबद्दल मी जपून बोलते, तुझी आई मी पाहिलेली नाही. 'काय्येक सांगू नको' हे नाही म्हणणं आहे की ऐकायची ताकद नाही म्हणणं आहे? औषधाचे पैसे, लाइट बिल कोण भरतं, ते आता भाऊ असेल तर तिच्या डोक्यावरचं छप्परही त्याच्याच मर्जीवर आहे असं तिला वाटत असणार. तसं नाही, तीही वारस आहे, तिलाही हे कुणी सांगितलेलं नाही. तिला तुझं नातं समजावू नकोस. भाऊ नसताना, कामाच्या दिवशी, उजेडात जा. एकच माग : माझे कागद दे. दहावीचं, जन्माचं, बाबांचा मृत्यू दाखला, घरपट्टीच्या पावत्या. आणि सांग, तुझ्याकडून कोणी सही मागितली तर मला फोन कर. त्याहून जास्त पहिल्या भेटीत नको.

धमकीचं. तुझ्या आणि तिच्या नात्यात गुन्हा काही नाही, ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या कलम ३७७ वरच्या निकालानंतर तर वादच नाही. गुन्हा आहे तो मेसेजमध्ये. बदनामीची भीती घालून कागदावर सही मागणं ही भारतीय न्याय संहितेत खंडणी आहे, कलम ३०८. एकही मेसेज पुसू नकोस, फोटो काढून मैत्रिणीच्या मोबाइलमध्येही ठेव. उत्तर एकदाच दे, लेखी, थंडपणे : 'सही करणार नाही, बोलायचं असेल तर वकिलामार्फत.' नंतर गप्प. आणि पोलीस ठाण्यात एक अर्ज दे की मी सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीने अमुक ठिकाणी राहते, भावाकडून धमक्या येतात. पोच घे, शिक्क्यासह. हे यासाठी की अशा वेळी घरचे हमखास 'बेपत्ता' किंवा 'दागिने घेऊन गेली' अशी तक्रार देतात आणि पोलीस मैत्रिणीच्या दारात येतात. अर्ज आधी असला तर तुला एकाच दिवसाचा मनस्ताप होतो.

कारखान्याचं मात्र मी गोड बोलणार नाही. खासगी नोकरीत या कारणाने काढू नये असा स्पष्ट कायदा आपल्याकडे तुझ्यासाठी नाही. माझा सल्ला, तिथल्या ज्या एका माणसावर तुझा सगळ्यात जास्त भरवसा आहे त्याला तूच आधी सांग, निदान एवढं की भाऊ जमिनीसाठी माझ्याविरुद्ध काहीबाही बोलणार आहे. भावाचं बोलणं पहिलं पोचलं की ते बातमी होतं. तुझं आधी पोचलं असेल तर ते भावकीचं भांडण राहतं, आणि भावकीची भांडणं आपल्याकडे कुणाला नवीन नाहीत.

मावशीच्या मानसोपचारवाल्याला माझा नमस्कार सांग. हा आजार नाही, आणि 'बदलून देतो' म्हणणाऱ्या डॉक्टरचं ते व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या परिषदांना कळवलंय. झोप लागत नसेल, रडू थांबत नसेल, तर १४४१६ वर टेली-मानसला फोन कर, मराठीत बोलतात. ते वेगळं. आणि गाऱ्हाणं घालायचं तर खुशाल घाल. 'बारा पाचाच्या देवा महाराजा, हिला रजिस्टर भाडेकरार मिळू दे' असं घाल.

मुंबईचं म्हणशील तर सगळेच सांगतात, तुझ्या भावासकट. तुतारी एक्सप्रेस पकडली की सकाळी दादर. पण डिपॉझिटशिवाय, नोकरीशिवाय उतरलेल्या बाईला मुंबई इथल्यापेक्षा महाग पलंग देते. आधी दोन दिवसांची रजा काढून जा. लाबिया ही बायकांवर प्रेम करणाऱ्या बायकांची मुंबईतली जुनी संघटना, १९९५ पासूनची. समलिंगी माणसांसाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट १९९४ पासून आहे. त्यांच्याशी बोल, असं घर सुटलेल्या किती जणी आहेत आणि त्यांनी पुढे काय केलं ते ऐक. मग ठरव. सरकारची गरिमा गृहं आहेत, मुंबईतही आहे, पण ती तृतीयपंथी व्यक्तींसाठी. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी तृतीयपंथी असेल आणि घरातून काढलं असेल, तर २०१९ च्या कायद्याचं कलम १२ लक्षात ठेवा, कुटुंबाच्या घरात राहायचा हक्क त्यात आहे, आणि घर किंवा गाव सोडायला लावणाऱ्याला कलम १८ खाली सहा महिने ते दोन वर्षं कैद आहे. तुमच्या पत्रांना वेगळं उत्तर देईन.

तुझ्या पत्रात मैत्रीण कुठेच बोलत नाही. तिची खोली तुझ्यापायी गेली, तिला मशीन घेऊन निघायचंय, ती काय म्हणते? दोघींनी बसून पैशाची वही काढा. लग्न म्हणून तुमच्या नात्याला कायदा अजून ओळखत नाही, ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने ते नाकारलं. पण संयुक्त बँक खातं उघडायला आणि एकमेकींना नॉमिनी करायला आडकाठी नाही, हे केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये बँकांना स्पष्ट केलंय. सोमवारी तेवढं एक काम करून या.

शिमग्याआधी मला परत लिही. सातबारावर काय निघालं ते लिही. आणि आईकडे जाशील तेव्हा बघ, खळ्यात राहिलेली ती दुसरी बॅग तिने आत घेतली होती का.